बोलण्याचे चऱ्हाट

विचारलेले सोडून एखादा गृहस्थ भलतेच सांगत सुटला, की आपण म्हणतो, "अहो, चऱ्हाट पुरे, मुद्द्याचं बोला!" चऱ्हाट म्हणजे खरे तर दोर. न संपणाऱ्या बोलण्याला आपल्या लोकांनी दोराचे नाव दिले, तर इंग्रजांनी गुंडाळीचे. तो शब्द म्हणजे 'रिगमरोल'. असंबद्ध पाल्हाळ हा त्याचा एक अर्थ. साध्या कामासाठी घालावे लागणारे दहा हेलपाटे, हा दुसरा.

हा शब्द 'रॅगमन रोल' या जुन्या नावावरून आला. रोल म्हणजे गुंडाळी. इ. स. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंड जिंकले आणि तिथल्या सरदार-जमीनदारांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या. चर्मपत्रांवर दीड हजाराहून अधिक नावे! त्या दफ्तराला रॅगमन रोल म्हणतात.

कोळ्याच्या गोष्टीतला रॉबर्ट ब्रूस तुम्हांला ठाऊक असेल. त्यानेही त्याच साली ही शपथ घेतली होती. पण १३०६ मध्ये तोच स्कॉटलंडचा राजा झाला आणि १३१४ मध्ये बॅनॉकबर्नच्या लढाईत त्याने एडवर्डच्या मुलाची फौज हरवली. धाकाने वदवलेली शपथ टिकते ती अशी!

पुढे याच नावाचा एक करमणुकीचा खेळही होता. गुंडाळीवर माणसांच्या स्वभावाची बरीवाईट वर्णने पद्यात लिहिलेली असत आणि प्रत्येकाला एकेक दोरी बांधलेली असे. न बघता दोरी ओढायची. जे पद्य हाती येईल, ते आपले! आता ती गुंडाळी सलग वाचली, तर एकाचा दुसऱ्याशी काय मेळ असणार? त्यावरूनच मेळ नसलेल्या बडबडीला हे नाव पडले असावे, असे मानतात. अठराव्या शतकात त्याचे 'रिगमरोल' हे रूप रूढ झाले.

म्हणजे पाहा, शपथ असो की पद्य, मागे मन नसेल आणि पुढे मेळ नसेल, तर शब्द कितीही लांबवा, ते चऱ्हाटच. शाळेत मुलाने घोकलेले उत्तर धडाधडा म्हटले, तरी गुरुजींनी आणि बाईंनी एवढेच विचारावे, "बाळ, आता हेच तुझ्या शब्दांत, एका वाक्यात सांग." त्याला ते सांगता आले, तर धडा समजला. नाही आला, तर तो पुन्हा शिकवावा. मात्र थोडक्यात, नाहीतर आपलाच रिगमरोल व्हायचा!