अंगावरचे दूध आणि जाणकारांची मदत

बाळ जन्माला आले की आईला पान्हा फुटतो आणि बाळ आपोआप दूध पिऊ लागते, असे आपण गृहीत धरून चालतो. पान्हा ही निसर्गाची देणगी आहे खरी. परंतु बाळाला नीट छातीशी धरणे आणि बाळाने नीट दूध ओढणे, या दोन्ही गोष्टी मायलेकरांना शिकाव्या लागतात. पूर्वी हे शिकवायला घरात आजी असे, शेजारी अनुभवी सुईण असे. आज कुटुंबे लहान झाली आहेत. प्रसूतीनंतर सर्वसाधारणपणे दोन ते चार दिवसांनी दूध भरून येते आणि नेमक्या त्याच सुमारास पुष्कळ माता रुग्णालयातून घरी परततात. म्हणजे खरी अडचण सुरू होते तेव्हा विचारायला जवळ कोणी नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची (२०१९-२१) आकडेवारी या दृष्टीने बोलकी आहे. आपल्या देशात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्या. मात्र जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पहिल्या तासात स्तनपान सुरू व्हावे, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत ते दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. सुरुवातीचा पिवळसर चीक मोजकाच असतो. पण तो बाळाला रोगांपासून संरक्षण देतो. तो टाकून देणे किंवा त्याआधी मध, साखरपाणी अथवा गुटी चाटवणे योग्य नव्हे. मधातून तर तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधाही होऊ शकते.

‘हिला दूधच नाही’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानी फार लवकर पडते. बाळ रडते, घरची मंडळी घाबरतात आणि वरचे दूध सुरू होते. येथेच दुष्टचक्राला आरंभ होतो. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, हा शरीराचा नियम आहे. बाटलीने पोट भरलेले बाळ छातीला कमी लागते, त्यामुळे दूध घटते आणि जे आधी खरे नव्हते ते खरे होऊन बसते. दोष आईचा नसतो. वेळेवर योग्य मदत मिळालेली नसते, एवढेच.

मग जाणकार व्यक्ती नेमके काय करते? ती प्रथम शांतपणे एक पाजणे पाहते. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र आहे की भोवतालचा काळसर भागही आहे, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, गिळण्याचा आवाज येतो का, हे ती तपासते. स्तनाग्रांना चिरा पडणे व असह्य वेदना होणे यांचे कारण बहुधा चुकीच्या पकडीत असते आणि बाळाला धरण्याची पद्धत बदलताच पुष्कळदा आराम पडतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या मातेला टाक्यांवर भार न येता कुशीवर निजून कसे पाजावे, दूध हाताने कसे काढावे, हेही ती शिकवते. काही मातांना वैद्यकीय कारणांमुळे खरोखरच दूध कमी येते. अशा वेळी वरचे दूध किती व कसे द्यावे, हे तीच सांगू शकते. त्यात मातेने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

ही मदत कोठे मिळेल? रुग्णालय सोडण्यापूर्वीच परिचारिकेला आपल्यासमोर बाळाला पाजून पाहण्याची विनंती करावी. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ आहेत. प्रशिक्षित स्तनपान सल्लागारही आता अनेक शहरांत आहेत. या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८५ सालापासून घेतली जाते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट द्यावी, अशी शासकीय योजना आहे. त्या भेटीत संकोच न करता विचारावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

मातांनी मातांना आधार देण्याच्या कार्याला आपल्या श्रद्धेचाही धागा आहे. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातील सात कॅथलिक मातांनी ‘ला लेचे लीग’ स्थापन केली. स्पॅनिश भाषेत ‘लेचे’ म्हणजे दूध. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन येथे बाळ येशूला दूध पाजणाऱ्या मरियामातेचे तीर्थमंदिर आहे. त्यावरून हे नाव घेतले गेले.

काही लक्षणे दिसताच मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बाळ सुस्त पडले, पाजण्यासाठी उठेनासे झाले, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी करू लागले, कावीळ वाढली किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आले नाही, तर थांबू नये. मातेच्या स्तनावर लाल, दुखरी गाठ येऊन ताप आला तरीही डॉक्टरांना दाखवावे. पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. तेवढ्या वेळात घरातील इतर कामे पती, सासू व नणंदेने उचलली, तर तीही मोठीच मदत ठरते. आपल्या घरात वा शेजारी नवी बाळंतीण असेल, तर ‘दूध पुरते का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणाला दाखवायला सोबत येऊ का?’ असे आपण विचारू या.