ब्लॅकबर्नचा व्हॉल्व्ह आणि किशोरीताईंचा भूप

साताऱ्याच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की बाबा म्हणायचे, ‘तापू दे रे जरा.’ इथे मँचेस्टरला हेडफोनचा अॅम्प्लिफायर घेतला आणि ते तापणं पुन्हा घरात आलं.

त्यात ई८८सीसी हा नऊ पायांचा व्हॉल्व्ह बसतो. जवळच ब्लॅकबर्नला मुलार्डचा कारखाना होता. तिथला जुना माल अजून विकला जातो. काचेवरच्या ठळक छपाईवर जाऊ नका, ती कुणीही करतो. तळाजवळचा बारीक कोड बघा. दुसरी ओळ ‘बी’ने सुरू झाली तर माल ब्लॅकबर्नचा. पुढे वर्षाचा फक्त शेवटचा अंक असतो, दशक आपणच ओळखायचं!

परवा ९० पौंड मोजून तसला एक आणला. समोर १५ पौंडांचा रशियन ६एन२३पी. आवाजाची पातळी सारखी केली, कारण मोठं वाजलेलं नेहमीच छान वाटतं. मग सौ.ला न सांगता आलटून पालटून किशोरीताईंचा भूप ऐकवला. तिन्ही वेळा तिने रशियनच निवडला. माझ्या मुलार्डमध्ये तानपुऱ्यामागे खरखर होती. मलाही ऐकू आली होती, पण बोललो नव्हतो.

परत करायची मुदत उद्यापर्यंत. बाबांना फोन केला, तर म्हणाले, ‘पाय पुसलेस का त्याचे?’

स्पिरिट शोधतोय.