माठ आणि मॅरेथॉन

जानेवारी महिन्यातील तिसरा रविवार. पहाटेचे पाच वाजण्याचा सुमार. एरवी या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर दूधवाल्यांची आणि वर्तमानपत्रे वाटणाऱ्यांचीच काय ती वर्दळ असावयाची. पण आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भव्य इमारतीसमोर हजारो माणसे दाटीवाटीने उभी आहेत. कोणी हातपाय मोकळे करीत आहे, कोणी बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळून पाहत आहे. इशारा होतो आणि माणसांचा हा लोंढा अंधारातच धावू लागतो. त्यांतील पुष्कळांना आज 42 किलोमीटर 195 मीटर धावावयाचे आहे. हीच मुंबईची मॅरेथॉन शर्यत. ती प्रथम 2004 साली झाली.

मॅरेथॉनचे हे विचित्र वाटणारे अंतर 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि 1921 साली ते कायमचे ठरले. अंतर सर्व देशांत सारखेच असते; पण शर्यत सर्वत्र सारखी नसते. थंड हवेच्या शहरात धावणाऱ्याची झुंज अंतराशी आणि स्वतःच्या थकव्याशी असते. मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात तिसरा प्रतिस्पर्धी येऊन मिळतो. तो म्हणजे उष्मा.

हा उष्मा केवळ सूर्याचा असतो असे मात्र नाही. त्याचा मोठा भाग धावणाऱ्याच्या शरीरातच उत्पन्न होतो. साठ किलो वजनाचा मनुष्य चार तासांत मॅरेथॉन धावला, तर त्याच्या शरीरात सुमारे 2500 उष्मांक खर्च होतात. त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची निव्वळ उष्णता होते. ही सारी उष्णता शरीरातच कोंडून राहिली, तर त्याचे तापमान दर सहा-सात मिनिटांस एका अंशाने चढत जाईल आणि अर्धा तास होण्यापूर्वीच धावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. असे होत नाही, याचे श्रेय आपण ज्याला कंटाळतो त्या घामाला आहे.

घाम शरीर कसे थंड ठेवतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर घरातील माठाकडे पाहावे. माठाच्या अंगाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते व बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते पाणी माठातून ओढून घेते आणि आतील पाणी गार होते. आपली त्वचा नेमके हेच कार्य करते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे 580 उष्मांक आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणजे वर सांगितलेल्या धावणाऱ्याच्या शरीरात तासाभरात जी उष्णता उत्पन्न होते, ती सर्व बाहेर टाकण्यास एक लिटरहून कमी घाम पुरेसा आहे. मात्र तो वाळला पाहिजे.

अडचण येथेच आहे. घाम येणे निराळे आणि घाम वाळणे निराळे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी कसे थंडगार होते! तोच माठ मुंबईस किंवा रत्नागिरीस ठेवला, तर पाणी तितके गार होत नाही. कारण समुद्रकाठच्या हवेत आधीच पुष्कळ बाष्प असते, आणि तिच्यात आणखी बाष्प सहजासहजी मावत नाही. धावणाऱ्याचेही तसेच होते. घाम कपाळावरून ओघळतो, सदरा चिंब होतो. परंतु जो घाम थेंबाथेंबाने रस्त्यावर पडला, त्याने शरीर थंड केले नाही. शरीरातील पाणी आणि मीठ मात्र तो घेऊन गेला. म्हणून दमट हवेतील उष्मा कोरड्या हवेतील उष्म्यापेक्षा फसवा असतो.

हे संकट उष्ण देशांतच येते, असे समजू नये. स्वीडन हा युरोपातील थंड देश. तेथील स्टॉकहोम शहरी 1912 साली ऑलिंपिक सामने झाले. मॅरेथॉनच्या दिवशी कडक ऊन पडले होते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण त्या शर्यतीत धावता धावता कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्याने अंगाला चरबी चोपडली होती, असे सांगतात. तसे असेल, तर त्याने माठालाच चिनीमातीच्या बरणीसारखा झिलईचा थर दिला होता. बरणीतून पाणी पाझरत नाही, आणि म्हणूनच ते गारही होत नाही. धैर्य त्या तरुणापाशी होते; परंतु स्वतःच्या शरीराचा नियम त्याला उमगला नव्हता.

अलीकडचे उदाहरण कतार देशातील दोहा शहराचे आहे. 2019 साली तेथे जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून स्त्रियांची मॅरेथॉन चक्क मध्यरात्री सुरू करण्यात आली. सूर्य मावळलेला होता, पण हवा उष्ण आणि अत्यंत दमट होती. जगातील उत्तमोत्तम 68 धावपटू स्त्रिया निघाल्या. शेवटपर्यंत पोहोचल्या त्या अवघ्या 40. या अनुभवानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तेथे न घेता ती उत्तरेकडील सापोरो शहरी हलविण्याचे ठरले व 2021 साली ती तेथेच धावली गेली. सापोरोतही त्या दिवसांत उकाडा होताच. आणि तेथेही अनेकांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

मग उष्ण शहरात मॅरेथॉन धावूच नये काय? तसे नाही. मुंबईत हजारो माणसे ती सुखरूप पुरी करतात. त्यासाठी त्यांना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य काळाचे. मुंबईत जानेवारीतील पहाट वर्षातील सर्वांत सुखद असते. तोच माणूस मे महिन्यातील दुपारी त्याच रस्त्यावर धावला, तर त्याची गत काय होईल हे सांगावयास नको.

दुसरे पथ्य सवयीचे. उष्म्यात रोज थोडे थोडे धावत गेले, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर आपली व्यवस्था बदलते. घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. रक्तातील पाण्याचा अंशही वाढतो. ही तयारी एका दिवसात होत नाही आणि पैसे देऊन विकत मिळत नाही.

तिसरे पथ्य वेगाचे. वेग वाढला की शरीरातील भट्टी अधिक पेटते. पहाटेच्या गारव्यात, लोकांच्या टाळ्यांच्या गजरात, प्रत्येकाला जोराने पळावेसे वाटते. परंतु जाणता धावक हात राखून धावतो. कारण पुढे सूर्य वर येणार आहे, हे त्याला ठाऊक असते. या शर्यतीत बरीच वर्षे परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागत आला. सकाळी उधळलेल्या शक्तीचा हिशेब तो चढ चुकता करून घेई.

चौथे पथ्य पाण्याचे. वाटेवर जागोजागी पाण्याची सोय असते. शिवाय मुंबईचे नागरिक रस्त्याच्या कडेला उभे राहून अनोळखी धावकांना संत्री, बिस्किटे आणि पाणी देतात. हे पाणी तहानेच्या मानाने प्यावे. फार कमी पिणे जसे घातक, तसेच भीतीपोटी पोट भरभरून पिणेही घातक. कारण त्यामुळे रक्तातील मीठ अतिशय विरळ होते व त्यानेही प्राण धोक्यात येतो. पाण्याबरोबर मीठ हवे, हे आपल्याकडील मीठ घातलेले ताक आणि लिंबाचे सरबत पिणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आहे, आणि ते म्हणजे थांबणे. चक्कर येऊ लागली, उन्हातही अंगावर शहारे आले, पाय वेडेवाकडे पडू लागले किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ती उष्माघाताची चाहूल समजावी. अशा वेळी बरोबरच्या माणसाने आपली शर्यत विसरावी. त्याने तत्काळ मदतीसाठी हाक द्यावी, रोग्याला सावलीत न्यावे आणि थंड पाण्याने त्याचे सर्वांग भिजवून वारा घालावा. शक्य असल्यास त्याला गार पाण्यातच बसवून डोके वर धरावे. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी शरीर थंड करावयाचे, मग रुग्णालयाकडे न्यावयाचे, असा वैद्यकाचा नियम आहे. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

पूर्ण मॅरेथॉन ही अठरा वर्षांवरील माणसांसाठी आहे. परंतु घामाचा हा नियम शाळेच्या पटांगणात खो-खो खेळणाऱ्या मुलालाही लागू आहे आणि भर उन्हात रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुरालाही. आपला शेतकरी भल्या पहाटे औत जुंपतो आणि ऊन चढले की बैल सोडून झाडाखाली बसतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. उष्ण देशात कष्ट कसे करावेत, हे त्याला कळलेले असते.

तेच शहाणपण मॅरेथॉनच्या धावकाला हवे. शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचणाऱ्याचे कौतुक सर्वजण करतात आणि ते योग्यच आहे. पण शरीराची हाक ऐकून जो तीस किलोमीटरवर थांबला, त्यालाही कोणी पराभूत म्हणू नये. पुढच्या जानेवारीत, पहाटेच्या अंधारात, तो पुन्हा त्याच गर्दीत उभा राहू शकतो.