घोटाघोटाने सहा आठवडे

फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैनच्या एका जाहीर कार्यक्रमात नितीन गडकरी यांनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना आव्हान दिलं. जेवढे किलो वजन उतरवाल, तेवढे हजार कोटी रुपये मतदारसंघातल्या कामांना! बोलता बोलता त्यांनी स्वतःचा दाखला दिला. आपलं वजन पूर्वी 135 किलो होतं, आता 93 आहे, असं ते म्हणाले. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, सप्टेंबर 2011 मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना गडकरींनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि तिची त्या वेळी बरीच चर्चा झाली होती.

लोकांच्या लक्षात राहतात ते असे दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा. जाहिरातीतही दोनच फोटो असतात. या दोहोंच्या मध्ये जे पहिले पाच-सहा आठवडे असतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. पाण्याचा घोट गिळायला भीती वाटते, रात्री खांदा दुखतो, स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वासाने मळमळतं आणि ‘हे उगाच करून बसलो’ असं वाटत राहतं. हा काळ निघतो घरी. शस्त्रक्रिया मात्र झालेली असते दूरच्या शहरात.

परभणी जिल्ह्यातल्या, कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या मानवतचंच पाहा. इथला माणूस अशा शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठतो. मानवत रोड स्टेशनवरून गाडीत बसतो, तीन-चार दिवस दवाखान्यात राहतो आणि आहाराचा कागद घेऊन परत येतो. त्यानंतर काही बिघडलं, तर आधी दार ठोठावलं जातं ते गल्लीतल्या डॉक्टरांचं. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर काय होतं, हे रुग्णाइतकंच त्याच्या घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांनाही ठाऊक असायला हवं.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा अधिक, कापून काढतात आणि उरते एक अरुंद नळी. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, त्यामुळे बाहेरून पोटावर चार-पाच बारीक छेदच दिसतात. पाहायला येणारे म्हणतात, ‘काहीच तर केलं नाही!’ आत मात्र टाक्यांची लांबच लांब ओळ असते आणि ती भरून यायला आठवडे लागतात.

पोट लहान होतं म्हणून माणूस कमी खातो, ही अर्धीच गोष्ट. जठराच्या वरच्या, फुगीर भागातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि ते मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते 1999 मध्ये शोधलं. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग जातो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना भूकच लागत नाही. शरीराला अन्न हवं असतं, पण मागणारा आवाज बंद पडलेला असतो. जे खायचं-प्यायचं ते घड्याळ बघून.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त घाबरवतं ते खांद्याचं दुखणं. शस्त्रक्रियेच्या वेळी पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच पातळीवरच्या मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते, म्हणून दुखतं पोटातलं आणि कळ येते खांद्यात. वायू शोषला जातो, चालल्याने आराम पडतो आणि दुखणं काही दिवसांत ओसरतं. शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी नर्स उठवून चालायला लावते, त्याचं मोठं कारण मात्र वेगळं आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ नये, यासाठी ती धडपड असते. अशा गाठी पुष्कळदा घरी परतल्यावर होतात. घरी जाताना पाय लोंबकळत ठेवून पाच-सहा तास सलग गाडीत बसणं म्हणूनच धोक्याचं. तासाभराने उतरून चार पावलं चालावं, आणि रक्त पातळ ठेवणारी पोटातली इंजेक्शनं लिहून दिली असतील, तर ती ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नयेत.

दुसरी भीती खरी आहे, पण विरळा. टाक्यांच्या ओळीतून जठरातला द्रव पोटात झिरपू शकतो. शंभरात एखाद्या-दोघांना हे होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे अनेकदा घरी पोचल्यावर. पोट लाकडासारखं कडक झालं, की आत काहीतरी फुटलं, असा सर्वसाधारण समज असतो. फार जाड माणसाच्या पोटात ते लक्षण उशिरापर्यंत दिसत नाही. त्याआधी नाडी बोलते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला 120 च्या वर जाऊन तिथेच राहिली, सोबत ताप, धाप, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात नव्याने सुरू झालेली कळ असेल, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत सकाळची वाट पाहायची नाही. त्याच तासाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा आणि निघायचं. घरात मनगटावर नाडी मोजता येणारं एक माणूस असणं यासाठीच हवं.

आता उलट्यांकडे, कारण गावाकडे सर्वांत मोठी चूक इथे होऊ शकते. पहिल्या आठवड्यांत मळमळ ठरलेलीच. सूज असते, नळी अरुंद असते, घोट मोठा झाला की तो परत येतो. रोज साधारण दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि ते दर पंधरा मिनिटांना 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, या हिशेबाने. दिवसभर हेच काम होऊन बसतं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42-44 अंशांवर असताना घटाघटा पाणी पिता न येणं किती अवघड जात असेल! तारीख निवडण्याची मुभा असेल, तर मराठवाड्यातल्या रुग्णाने ही शस्त्रक्रिया उन्हाळ्यात करू नये, हे या लेखाचं स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याच्या प्रमुख कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे एक आहे.

उलट्या थांबत नाहीत, अंगात त्राण नाही, मग घरचे म्हणतात, ‘एक सलाईन लावून आणू.’ पाणी शरीराला हवंच असतं, त्यामुळे बाटली लावणं चुकीचं नाही. प्रश्न बाटलीत काय आहे, हा. थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं नगण्य आणि वर उलट्या, अशा स्थितीत तो संपत येतो. ग्लुकोजपासून ऊर्जा तयार करण्यासाठी पेशींना थायमिन लागतं. साठा संपत आलेल्या माणसाच्या शिरेत ग्लुकोजची बाटली सोडली, तर उरलंसुरलं थायमिनही त्या कामात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांना एकाचे दोन दिसू लागतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1881 मध्ये वर्णन केलेला हा आजार पूर्वी मुख्यतः अतिमद्यपान करणाऱ्यांत दिसे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो दारूचा थेंबही न घेतलेल्यांना होतो, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. वेळेत थायमिन मिळालं तर माणूस सावरतो, उशीर झाला तर स्मृतीवरचा परिणाम कायमचा राहू शकतो.

उपाय महाग नाही. ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, आणि नुसतं पाणीच भरून काढायचं असेल, तर ग्लुकोज नसलेलं साधं नॉर्मल सलाईन वापरायचं. नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या सुईत थायमिनची मात्रा पुरेशी असेलच असं नाही. ‘वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावं’ एवढी ओळ ठळक अक्षरांत लिहून ती चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि मानवतमध्ये ज्यांच्याकडे जायचं, त्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच दाखवून यावी.

जुन्या औषधांचंही तसंच. मधुमेह असलेल्यांची साखर या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच उतरते, वजन फारसं घटण्याच्याही आधी. अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरीस यांनी 1995 मध्ये आपल्या रुग्णांचे निष्कर्ष छापले, तेव्हा वैद्यकविश्व चकित झालं होतं. आनंदाची गोष्ट, पण जुन्या चिठ्ठीतली साखरेची गोळी किंवा इन्सुलिन तेवढ्याच मात्रेने चालू राहिलं, तर साखर घसरून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही आढावा घ्यावा लागतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून सहज आणली जाणारी डायक्लोफेनॅकसारखी गोळी बायपास झालेल्यांना आतड्याच्या जोडावर व्रण करू शकते.

आहाराचा क्रम ठरलेला असतो: पारदर्शक पातळ, मग दुधासारखं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. भाकरी-ठेच्यापर्यंत पोचायला दीड-दोन महिने. मुगाच्या कढणाचं वरचं पाणी, गाळलेलं ताक, शहाळं यांवर पहिले दिवस निघतात. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली ग्लुकोज पावडर मात्र बाजूला ठेवावी. साखर एकदम आतड्यात उतरली की घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. बायपासनंतर हे अधिक.

खरी अडचण प्रथिनांची. रोज किमान 60 ग्रॅम लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. पातळ वरणाच्या वाटीत चारेक ग्रॅम प्रथिनं धरली, तर पंधरा वाट्या व्हाव्यात. ज्याच्या पोटात अर्धी वाटी मावत नाही, त्याने हे कसं करायचं? म्हणून पहिल्या महिन्यांत प्रथिनांची पावडर लिहून देतात, ती चोचला नव्हे. पुढे दूध, दही, मऊ पनीर, उकडलेलं अंडं सुरू होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर विकसित केलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. मात्र बायपासनंतर लोह शोषणारा आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळलेला असतो, त्यामुळे या ज्वारीची भाकरी चांगली असली, तरी लोहाच्या गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणखी एक धक्का बसतो. काटा हलेनासा होतो! पहिल्या दिवसांत शरीर यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा वापरतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनमागे साधारण तीन ग्रॅम पाणी बाहेर जातं. म्हणून वजन झपाट्याने उतरतं. नंतर शरीर समतोल साधतं आणि काटा थांबतो. चरबी त्या काळातही घटतच असते. तीन महिन्यांनी केस गळतात, तेही बहुतेकांचे पुन्हा येतात.

मनाचं दुखणं याहून कमी बोललं जातं. ज्याला वर्षानुवर्षं खाण्यात दिलासा मिळत होता, त्याचा तो आधार एका दिवसात जातो. घरातल्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दहा-बारा दिवसांत तीच चुलीपुढे उभी राहून सगळ्यांच्या भाकऱ्या थापते आणि स्वतः ताकाचं पाणी पिते. निदान महिनाभर तिच्याकडून स्वयंपाक करून घेऊ नये. ‘पैसे घालून आजार विकत घेतला’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 8,815 रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण आधीच्या तुलनेत सुमारे दीडपट झालेलं आढळलं. असे रुग्ण एकूणात थोडे होते, पण झोप उडणं, रडू येत राहणं, कुणाशी बोलावंसं न वाटणं याकडे डोळेझाक करू नये, एवढं त्यातून दिसतं. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

वजन उतरलं म्हणजे सगळं संपलं, असंही नसतं. मुंबईने 2017 मध्ये त्याचं टोकाचं उदाहरण पाहिलं. सुमारे 500 किलो वजनाच्या इमान अहमद यांना इजिप्तहून विमानाने सैफी रुग्णालयात आणलं गेलं, मार्चमध्ये स्लीव्ह झाली, मे महिन्यात त्या पुढच्या उपचारांसाठी अबुधाबीला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे आजार अनेक आणि जुने होते, त्यामुळे त्यांच्या मृत्यूवरून सामान्य रुग्णाने घाबरण्याचं कारण नाही. वजन उतरूनही शरीराच्या बाकीच्या दुखण्यांची लढाई उरतेच, हे मात्र त्यातून दिसलं.

सहा आठवडे संपल्यावर जेवण सुरळीत होतं आणि गोळ्या सुटू लागतात. नेमकं तेव्हाच सांभाळायचं असतं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन-तृतीयांश पुरुषांत ब-12 कमी होतं, कुठल्याही शस्त्रक्रियेविना. आपल्याकडचा रुग्ण टेबलावर चढतो तोच मुळी अशा तुटीसह, त्यात जठर लहान झाल्यावर ब-12 शोषणं आणखी कठीण होतं. म्हणून ब-12, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम जन्मभर, आणि रक्ताची तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. रक्त परभणीत देता येतं आणि अहवाल त्याच दिवशी फोनवरून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पाठवता येतो.