टेक्श्चरची भिंत कशी धुवावी?

टिटवाळ्यात पावसाळ्यानंतर दुकानांच्या, ऑफिसांच्या टेक्श्चर केलेल्या भिंतींवर शेवाळ धरतंच. मग जोराच्या फवाऱ्याची मशीन येते. पण टेक्श्चर म्हणजे काही दगड नव्हे. तो ॲक्रिलिकचा पातळ थर. जोरानं तो उचकटतो, भेगांतून पाणी आत शिरतं. म्हणून आधी भेगा बुजवा. भिंत भिजवा, सौम्य साबणाचं पाणी खालून वर लावा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. मऊ ब्रशनं घासा, वरून खाली धुवा. शेवाळाला पातळ केलेलं ब्लीच चालतं. त्यात ॲसिड मात्र कधीच मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. तो पहिल्यांदा कुणाच्या नाकात जाणार? दोरावर लटकलेल्या माणसाच्या! त्याचा पट्टा वेगळ्या, स्वतंत्र दोराला बांधलाय ना, हेही बघा. माणसाला निव्वळ साधन मानू नये, असं कांट सांगतो. ते इथंही लागू आहे.