डॉक्टरसाहेब, सॉफ्टवेअर घ्या, पण बघून!

केसपेपरची किंमत तो हरवल्यावरच कळते. कुठली ॲलर्जी, कुठली गोळी, मागचा रिपोर्ट काय होता, सगळं पहिल्यापासून! शहरात हा नुसता वैताग असतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र तो जिवावर बेतू शकतो. इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, नाहीतर गुजरातेत कामाला जातात. आदिवासी भागात सिकलसेलचे पेशंटही बरेच. अशा पेशंटला परगावी अचानक त्रास सुरू झाला आणि कागद घरी पत्र्याच्या पेटीत राहिला, तर तिथल्या डॉक्टरांना कळणार कसं?

यावरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड, अर्थात ईएचआर. मी कॉम्प्युटर ब्रँचची, त्यामुळे सुट्टीत कळसाडीला गेले की ओळखीचे डॉक्टर हमखास विचारतात, "काय गं, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?" त्याचं उत्तर एका नावात देता येत नाही. पण काय काय तपासायचं, ते नक्की सांगता येतं.

१) नंबर म्हणजे रेकॉर्ड नव्हे

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यामुळे नंबर मिळणं वेगळं आणि त्याचा उपयोग होणं वेगळं, हे आम्हांला सांगायला नको! आरोग्याचंही तसंच आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी 'आभा' नंबर मिळतो. पण तुमचे रिपोर्ट त्या नंबरात नसतात. ते ज्या त्या दवाखान्याच्या सिस्टिममध्येच राहतात आणि पेशंटने संमती दिली की दुसरीकडे दिसतात. म्हणजे दवाखान्याचं सॉफ्टवेअर या मिशनशी जोडलेलं नसेल, तर आभा हा नुसता आकडा. पहिला प्रश्न हाच विचारायचा.

२) किंमत पाच वर्षांची काढा

सॉफ्टवेअर साधारण दोन प्रकारे विकतात. एक महिन्याच्या भाड्याने, दुसरं एकरकमी आणि वर दरवर्षी मेंटेनन्स. समजा भाडं महिना १,५०० रुपये आहे. ऐकायला स्वस्त, पण पाच वर्षांचे झाले ९०,०००. दुसरं समजा एकरकमी ४०,००० आणि दुसऱ्या वर्षापासून १५ टक्के मेंटेनन्स, म्हणजे ६,००० गुणिले ४. एकूण ६४,०००. मग दुसरं घ्यावं का? थांबा! त्यात बॅकअप, कॉम्प्युटर बिघडणं, व्हायरस हे सगळं डॉक्टरांच्या गळ्यात. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बहुतेक कंपनी बघते, पण नेट गेलं की काम ठप्प. शिवाय दोन्हींवर जीएसटी. वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने डॉक्टरांना त्याची वजावट मिळत नाही. इन्व्हर्टर, प्रिंटर आणि कंपाउंडरचं ट्रेनिंग धरलं, की खरा आकडा समोर येतो. आमच्याकडे लाइट आणि नेटचा भरवसा नाही, म्हणून नेट नसताना नोंद करता येते का, हे डेमोच्या वेळी केबल काढून बघावं. सेल्समनच्या शब्दावर जाऊ नये.

३) फुकट, पण कसं फुकट?

अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन नावाचं ईएचआर डॉक्टरांना फुकट मिळायचं. ओपिऑइड औषधांच्या कंपनीकडून पैसे घेऊन, डॉक्टरांनी ती औषधं जास्त लिहावीत अशा सूचना त्याच्या स्क्रीनवर दाखवल्या जात होत्या. २०२० मध्ये हे प्रकरण १४ कोटी ५० लाख डॉलर भरून मिटवावं लागलं. याउलट ओपन सोर्सचं फुकट. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या गरजेतून 'बाम्नी' हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्याचा कोड कुणालाही बघता येतो. लायसन्सचा खर्च शून्य, पण ते बसवणारा आणि सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही!

४) बाहेर पडायचं दार

२०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांमधली कॉम्प्युटर प्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. मोठ्या हॉस्पिटलांची ही गत, तर एका डॉक्टरच्या दवाखान्याचं काय? म्हणून करार सोडताना सगळा डेटा, प्रमाणित स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल, हे आधीच लेखी घ्यावं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. कंपनी बुडाली, हे कारण पेशंटला सांगून चालणार नाही.

५) बोला, ते लिहील!

एकेकाळी अमेरिकन डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन आपल्याकडची मुलं-मुली रात्रपाळीत टाइप करायची. आता ते काम मशीन करू पाहतंय. विकणारे सांगतात, "९५ टक्के अचूक." म्हणजे शंभर शब्दांत पाच चुका. पण कुठले पाच? 'आहे'चं 'अहे' झालं तर बिघडत नाही, 'नाही' गळलं तर मात्र 'ॲलर्जी नाही'ची 'ॲलर्जी' होते. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकताना कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला आजही क्षणभर थांबावं लागतं, मशीनचं काय घेऊन बसलात! त्यातून आमचे डॉक्टर एका वाक्यात इंग्रजी, मराठी, अहिराणी बोलणार आणि पेशंट भिली किंवा पावरी. भिलीसाठी सरकारचं 'आदि वाणी' ॲप २०२५ मध्ये चाचणी स्वरूपात आलं, ही चांगली सुरुवात आहे. पण ते भाषांतराचं साधन आहे, केसपेपर लिहिण्याचं नव्हे. म्हणून डिक्टेशनला पैसे देण्याआधी आपल्याच दवाखान्यातल्या गोंगाटात, आपल्याच बोलीत आठवडाभर वापरून बघावं आणि औषधाचं नाव, डोस, 'नाही' हे तीन शब्द डोळ्यांनी वाचल्याशिवाय सही करू नये.

थोडक्यात काय, तर जोडणी, पाच वर्षांचा खर्च, नेटशिवाय काम, डेटा परत मिळण्याची हमी आणि डिक्टेशनची चाचणी, एवढे पाच मुद्दे वहीत लिहा आणि मगच चेक फाडा. आणि हॉस्टेलकरांनो, फायनल इयरला पुन्हा तीच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करण्यापेक्षा एखाद्या छोट्या दवाखान्याला बाम्नी बसवून द्यायला काय हरकत आहे?