चाक आणि रूळ यांची सांगड

पदवी पदरीं असतां रेल्वे-इंजिनीयरिंगचा आणखी दोन वर्षें अभ्यास कशासाठीं, असें पालक विचारतात. एक उदाहरण घेऊं.

आगगाडीचीं दोन चाकें एकाच आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. त्यांचे फेरे सारखेच. मग वळणावर बाहेरचें चाक अधिक अंतर कसें तोडतें? चाकाची धांव निमुळती असते. आपल्याकडे तिचा उतार पूर्वापार २० स १ असा ठेवीत आले. वळणावर जोडी बाहेर सरकते आणि बाहेरचें चाक मोठ्या घेरावर चालतें. परंतु याच निमुळतेपणामुळें भरवेगांत गाडी सरळ रुळांवरहि नागमोडी डोलूं लागते. तो कमी करावा तर वळण अवघड, वाढवावा तर वेग धोक्याचा. चाक घडविणारा आणि रूळ घालणारा, दोघांपैकीं एकट्यास हा पेंच सुटत नाहीं.

पहिल्या पदवीस हे विषय बहुधा वेगळे शिकवितात. त्यांची सांगड घालणें हें एम्. टेक्. वा एम्. एस्सी.चें काम. बर्मिंगहॅम विद्यापीठांत अशी एम्. एस्सी. आहे, खरगपूरच्या आय. आय. टी.त रेल्वे-संशोधन केंद्र आहे. बडोद्याचें गतिशक्ति विश्वविद्यालय २०२२ सालीं स्थापन झालें. प्रवेशापूर्वीं एवढेंच पाहावें: तेथें चाक आणि रूळ एकत्र शिकवितात काय?